खापरपणजोबांचं बारसं

व्हिन्सेंटची नि माझी दोस्ती झाली ती एका बसच्या वळणावरून.

बुकित बातोकला आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, कॉफीचं दुकान आहे. तिथं मी सकाळचा बसलेलो. समोरून एका पोरसवदा ड्रायव्हरनं बस अशी वळवली, की मागचं चाक फुटपाथला घासलं. माझ्या तोंडून निघालं, "अरे गाढवा, जरा पुढं काढून मग तोड की!" आणि त्याच टायमाला शेजारच्या टेबलावरचा एक सावळा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा इंग्रजीत काहीतरी खेकसला, आणि त्यानं दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. झालं. दोघंही ड्रायव्हर. तो सिंगापुरात बसवर रिटायर झालेला, मी रत्नागिरी डेपोत एस.टी.वर.

मी मूळचा कराडकडचा. शाळा सातवीपर्यंत, तीसुद्धा मास्तर दयाळू होते म्हणून. पोरगा देवदत्त मात्र शिकला, तांजोंग पगारला बँकेत कॉम्प्युटरचं बघतो. सून उल्का डॉक्टर आहे, पण गोळी देणारी नव्हे, वन-नॉर्थला कसल्याशा पेशींवर संशोधन करणारी. आम्ही दोघं नवराबायको त्यांच्याकडं राहायला आलेलो. आमच्या सुलेखाला तिथं करमायचं, कारण सुनेनं स्वयंपाकघर तिच्या हवाली केलेलं. मला करमायला लागलं ते व्हिन्सेंट भेटल्यावर.

आमची भाषा म्हणजे भेळ. त्याचं हिंदी सिनेमे बघून आलेलं, माझं इंग्रजी पाट्या वाचून आलेलं. मधेच तो मलाय घुसडायचा, मी मराठी. पण गिअर, ब्रेक आणि साहेबाला शिव्या, एवढं सगळीकडं सारखंच असतं. त्यामुळं काही अडलं नाही.

तर हे २०१९ साल. इंग्रज सिंगापूरला उतरला त्याला दोनशे वर्षं झाली म्हणून तिकडं मोठा गाजावाजा चाललेला. जो तो आपला मूळपुरुष शोधायला लागला. एक दिवस व्हिन्सेंट तोंड पाडून कॉफी ढवळत बसलेला. साखर कधीच विरघळलेली, तरी हा ढवळतोय.

म्हणलं, "क्या हुआ?"

म्हणाला, "ॲग्नेस."

ॲग्नेस म्हणजे त्याची थोरली बहीण. शाळेत हेडमिस्ट्रेस होती, मरीन परेडला एकटी राहायची. व्हिन्सेंटची बायको गेलेली, पोरं ऑस्ट्रेलियात, बाकी भावंडं देवाघरी. राहिले हे दोघं. आता यांचं आडनाव कॅसेला. आणि ॲग्नेस आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलेली की आमचा मूळपुरुष पोर्तुगीज कॅप्टन होता, स्वतःच्या जहाजातून आला. का, तर आडनाव तसं वाटतं म्हणून. आता तिचा ऐंशीवा वाढदिवस यायचा होता. तिनं भलामोठा बोर्ड करून घेतलेला, त्यावर झाड काढलेलं, फांदीफांदीवर नावं. सगळ्यात खाली बुंध्यापाशी एक चौकोन मोकळा. कॅप्टनसाहेबांच्या पूर्ण नावासाठी. आणि ते नाव शोधून आणायचं काम दिलेलं व्हिन्सेंटला.

"मग शोध की," मी म्हणलं.

"और नहीं मिला तो? या कुछ दूसरा मिला तो?"

मग त्यानं सांगितलं. मागं एकदा कुणाच्या तरी लग्नात हा गमतीनं बोलून गेला, की कॅप्टन कशावरून, जहाजावरचा आचारी असेल. एवढंच. ॲग्नेस त्यावर सहा वर्षं बोलली नाही. नाताळला केक पाठवायची, पण बोलायची नाही. "प्रकाश, एक ही सिस्टर बचा है," तो म्हणाला. "इस टाइम बंद किया तो बंद."

म्हणलं, चल, मी येतो बरोबर. मला तरी काय काम होतं? सकाळी पेपर, दुपारी झोप.

व्हिक्टोरिया स्ट्रीटला मोठी लायब्ररी आहे. तिथं फुकटात शिकवायचे, घराण्याचा इतिहास कसा काढायचा ते. शिकवणारी मिस ओंग म्हणून, काटकुळी चिनी बाई, बोलायला मात्र आमच्या डेपो मॅनेजरसारखी कडक. उल्कानं त्या शनिवारी सुट्टी मोडून आमच्याबरोबर यायचं कबूल केलं, नाहीतर मला काय कळणार होतं?

मिस ओंगनं व्हिन्सेंटला पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्हाला काय माहितीये?"

"आमचा मूळपुरुष पोर्तुगीज कॅप्टन..."

"ते माहीत नाहीये. ते ऐकलंय. माहीत काय आहे? तुमचा जन्माचा दाखला आहे? मग तिथून सुरू करा. मग वडील. मग आजोबा. एकेक पायरी मागं जायचं. मधली पायरी सोडून उडी मारायची नाही."

उल्कानं मला मराठीत सांगितलं, तर मी म्हणलं, हे बाईचं बरोबर आहे. गाडी रिव्हर्स घेताना असंच असतं. कंडक्टर बेल देईल तेवढीच मागं घ्यायची. आपल्याला वाटलं म्हणून घेतली, की गेली गटारात.

मग सुरू झाली आमची रिव्हर्स. व्हिन्सेंटच्या बापाचा दाखला घरातच होता. आजोबांचं लग्न चर्चच्या वहीत सापडलं. पणजोबांसाठी जुनी वर्तमानपत्रं बघितली. ती आता सगळी कॉम्प्युटरवर आहेत, नाव टाकलं की पान समोर. पण नाव टाकायचं कसं? "कॅसेला" टाकलं तर काहीच येईना. मिस ओंग म्हणाली, "स्पेलिंगवर जाऊ नका. तेव्हा कारकुनाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. मोठ्यानं वाचा, आणि कानाला जवळचं वाटेल ते सगळं टाकून बघा." मग उल्कानं काय काय टाकलं, आणि पणजोबा सापडले! पेपरात बातमी, कुणाचा तरी घोडा बिथरला तो यांनी धरला. बाप्तिस्म्याची वहीसुद्धा सापडली. तिच्यात बापाचं नाव होतं, आणि स्पेलिंग तिसरंच. आणि पुढं लिहिलेलं, "मुंबईहून."

व्हिन्सेंट खुश. "पोर्तुगीज लोग बॉम्बे में थे ना?"

"होते," मी म्हणलं. मला कुठं माहीत होतं पुढं काय वाढून ठेवलंय ते!

पुढच्या खेपेला मिस ओंगनं फिल्मचं रीळ काढलं. मशीनवर लावायचं, हँडल फिरवायचं, जुनी पानं सरकत जातात. पण रीळ लावायच्या आधी तिनं व्हिन्सेंटला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, अंदमानच्या आधी इंग्रज हिंदुस्थानातले कैदी सिंगापूरला धाडायचा. काळ्या पाण्याची शिक्षा. मुंबई इलाख्यातलेसुद्धा. इथले रस्ते, पूल, मोठमोठ्या इमारती, बरंचसं काम त्यांनीच केलं. सुटल्यावर पुष्कळ जण इथंच राहिले, लग्नं केली.

व्हिन्सेंट म्हणाला, "कॅप्टन नहीं?"

मिस ओंगनं हँडल फिरवलं आणि बोट ठेवलं. ओळ सापडली. नाव, बापाचं नाव, गाव. गुन्ह्याच्या रकान्यात शाई पसरलेली, काही लागेना. उल्कानं त्या ओळीची प्रिंट काढून घेतली.

येताना एमआरटीत, म्हणजे तिकडच्या मेट्रोत, व्हिन्सेंट आपल्या बुटांकडं बघत बसलेला. मी मात्र जोरात होतो. म्हणलं, अरे मुंबईकडचा म्हणजे आमचाच की तू! आता गाव शोधू. उल्कानं प्रिंट बघून नाव वाचलं, "कुशाला". मी म्हणलं, थांब! रत्नागिरीकडं कशेळी गाव आहे. त्या रूटवर मी गाडी नेलीये. हा कशेळीचा, म्हणून कशेळकर! उल्का म्हणाली, "बाबा, पण गावाच्या रकान्यात वेगळंच आहे. संगुटनाय." मी म्हणलं, मग ते संगमेश्वर. तेही रूटवरच आहे. उल्का फोनवर नकाशा काढून सांगलीपर्यंत गेली, सांगोल्यापर्यंत गेली. बापाचं नाव होतं "टूलाकाय". त्यावर माझं म्हणणं, तुळाजी. उल्काचं म्हणणं, तुकाराम. बुकित बातोक येईपर्यंत आम्ही त्या बिचाऱ्याला अर्धं कोकण फिरवून आणलं. मी तर त्याच संध्याकाळी आमच्या डेपोतल्या जुन्या कंडक्टरला फोन करून कशेळीत चौकशी लावून दिली, की तुमच्याकडचं कुणी सिंगापूरला गेलेलं का, इंग्रजाच्या काळात. तो म्हणाला, "प्रकाश, तुझी तब्येत बरी आहे ना?"

रविवारी व्हिन्सेंट आमच्याकडं आला. प्रिंट टेबलावर ठेवली. उल्का म्हणाली, "अंकल, मिस ओंग म्हणाल्या तसं मोठ्यानं वाचून बघा. आणि जुने इंग्रज जिथं यू लिहायचे ना, तिथं पुष्कळदा 'अ' म्हणायचा." त्यानं चष्मा लावला, घसा खाकरला.

आत स्वयंपाकघरात सुलेखा. तिला बाहेर काय चाललंय काही पत्ता नाही. तिनं आतूनच विचारलं, "भाऊ, चहा टाकू का?"

व्हिन्सेंटचं लक्ष कागदात. सावकाश म्हणाला, "क...शा...ला."

"अहो, घ्या की," ही आतून. "आलं घातलंय चांगलं."

व्हिन्सेंट पुढच्या रकान्यावर. "तुला... काय."

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"काय म्हणालात?"

व्हिन्सेंटनं बोट सरकवलं. आता त्याला जमायला लागलेलं, मोठ्यानं ठणकावून म्हणाला, "सांगत नाय!"

सुलेखा हातात पक्कड घेऊन बाहेर. "अहो, हा काय प्रकार आहे? मी चांगला चहा विचारतेय, आणि हे तुमचे मित्र माझ्याच घरात बसून मला 'तुला काय' म्हणतात? आणि वर सांगत नाही? कुणी शिकवलं ह्यांना हे? तुम्हीच असणार!"

"अगं, तो तुला नाही म्हणत! तो वाचतोय!"

"काय वाचतोय? भांडण?"

मी तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. उल्कानं कागद ओढून घेतला. एकदा वाचला. ओठ हलवत परत वाचला. मग ती जी हसायला लागली! खुर्चीवरून घसरली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तसं मी टेबलावर डोकं ठेवलं. व्हिन्सेंट आमच्याकडं बघतोय, सुलेखा पक्कड घेऊन आमच्याकडं बघतेय. तिला वाटलं सगळ्यांनी मिळून तिची टिंगल लावलीये.

"आई," उल्का डोळे पुसत म्हणाली, "दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बोटीवरून उतरवलं त्यांना. साहेबानं विचारलं, नाव काय? हे म्हणाले, कशाला? बापाचं नाव? तुला काय! गाव? सांगत नाही! आणि कारकुनानं ते सगळं तसंच्या तसं लिहून घेतलं!"

सुलेखानं पक्कड टेबलावर ठेवली. पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. "अगं बाई! म्हणजे हा आपल्यातलाच की मेला!"

मग उल्कानं व्हिन्सेंटला इंग्रजीत समजावलं. ही नावं नाहीत, ही उत्तरं आहेत. तुमचं आडनाव म्हणजे 'व्हॉट फॉर'. व्हिन्सेंट आधी बघतच राहिला. मग त्याच्या मिशा थरथरल्या, मग पोट, मग तोही सुटला. आमच्या तिघांपेक्षा जास्त हसला. मांडीवर थापा मारून म्हणतोय, "व्हॉट फॉर! मिस्टर व्हॉट फॉर!"

आणि एकदम थांबला. "ॲग्नेस," म्हणाला.

त्यानं फोन केला. काय सुचलं कुणास ठाऊक, एका दमात सगळं सांगून टाकलं, कैदी, काळं पाणी, व्हॉट फॉर. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

त्यानंतर व्हिन्सेंट कॉफीला खाली यायचा बंद झाला. मी वर त्याच्या घरी जाऊन दार वाजवलं, तर बनियनवर बसलेला. म्हणाला, फोन उचलत नाही. केकसुद्धा येणार नाही आता.

मी घरी येऊन सुलेखाला सांगितलं. ती म्हणाली, "फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? तुम्हा पुरुषांना अक्कल म्हणून नाही. चला, मरीन परेडला जायचं."

"आपण कोण जाणारे? ओळख ना पाळख."

"त्याच्या पणजोबाच्या बापानं माझ्याशी माझ्या घरात भांडण केलंय. एवढी ओळख बास झाली."

शनिवारी निघालो. उल्का दुभाषी म्हणून, व्हिन्सेंट आरोपी म्हणून. बसला बराच वेळ लागतो तिकडं. व्हिन्सेंट सगळ्या रस्त्यात ड्रायव्हरच्या एकाही वळणावर बोलला नाही, यावरून समजा.

दार उघडलं तर ॲग्नेस. उंच, ताठ, पांढरे केस आखूड कापलेले, गळ्यात क्रॉस. व्हिन्सेंट माझ्यामागं लपायला बघत होता, पण मी त्याच्यापेक्षा बारका. तिनं एवढंच म्हणलं, "शूज आऊट." आम्ही आत जाऊन ओळीनं बसलो. तो बोर्ड भिंतीकडं तोंड करून उभा केलेला.

सुलेखानं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. नारळाच्या वड्या. ॲग्नेसनं डब्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तुम्हाला वाटत असेल," ॲग्नेस म्हणाली आणि उल्का भाषांतर करत गेली, "मला तो कैदी निघाला म्हणून राग आलाय. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय, हे गाव कुणी बांधलं ते मला माहितीये. चोर असता तरी चाललं असतं. पण नाव? मी आयुष्यभर सही काय करतेय? 'कशाला'? माझ्या बापाच्या थडग्यावर काय कोरलंय? 'कशाला'? पोरांना मी हजेरीत सांगायचे, नीट नाव सांगा, नाव म्हणजे तुमची ओळख. आणि माझंच नाव म्हणजे एका माणसाचा उद्धटपणा!"

व्हिन्सेंटच्या नाकातून हसू फुटलं. त्याचा इलाज नव्हता बिचाऱ्याचा.

"बघा!" ॲग्नेस उभी राहिली. "ह्याला हसू येतंय. हा तसाच. लग्नातसुद्धा हसलेला. ह्याला काही नाही वाटत. मी गेल्यावर ते झाड बघणारं तरी कोण आहे? आणि खाली बुंध्याशी काय लिहू मी, प्रश्नचिन्ह?"

तिचा आवाज फाटला. व्हिन्सेंटचं हसू कुठल्या कुठं गेलं. मी पंख्याकडं बघत बसलो.

सुलेखा म्हणाली, "उल्का, त्यांना सांग, त्या माणसाला नाव होतं. आईबापांनी ठेवलेलंच असणार. त्यानं ते त्या साहेबाला दिलं नाही, इतकंच. आता ते काही सापडायचं नाही. मग ठेवा की नवीन! बारसं करू."

उल्कानं मला विचारलं, "बाबा, हे इंग्रजीत कसं सांगू?" मी म्हणलं, तू डॉक्टर आहेस, तू बघ. तिनं सांगितलं कसंतरी. पाळणा, गाणी, नाव.

"नाव कोण ठेवतं?" ॲग्नेसनं विचारलं. "प्रीस्ट?"

"भटजी पत्रिका बघून अक्षर सांगतो," सुलेखा म्हणाली. "पण नाव ठेवते आत्या. बापाची बहीण. तिनं कानात सांगितल्याशिवाय नाव पडत नाही आमच्यात. मग तो राजा असो नाहीतर कोण."

"पण मी त्याची आत्या नाही. तो माझ्या पणजोबांचा बाप आहे."

"कुणाची तरी आहात ना?"

"आहे. व्हिन्सेंटच्या पोरांची. धाकट्या भावाच्या मुलीची."

"आणि घरात दुसरी आत्या?"

ॲग्नेस खाली बसली. "नाही. मीच राहिले."

"मग झालं तर. दुसऱ्या कुणाला हक्कच नाही."

ॲग्नेसनं डबा उघडून एक वडी उचलली. खाल्ली सावकाश. मग व्हिन्सेंटकडं न बघता म्हणाली, "त्याला सांग, विचार करून कळवते." तो तिच्यापासून चार हातांवर बसलेला, बरं का. पण निदान निरोप तरी दिला! व्हिन्सेंटनं येताना बसच्या तीन वळणांवर टीका केली.

दोन दिवसांनी उल्काला ॲग्नेसचा फोन. बारशाला काय काय लागतं, पाठवून दे. वाढदिवसासाठी क्लबातला हॉल घेतलेला, तो रद्द. कार्यक्रम व्हिन्सेंटच्या ब्लॉकखाली. तिथं ब्लॉकच्या तळाला मोकळी जागा असते, लग्नं, मयतं, सगळं तिथंच होतं.

आता पाळणा कुठून आणायचा? शेजारची मलाय बाई म्हणाली, माझा न्या. त्यांचा पाळणा म्हणजे स्टँडला वर स्प्रिंग, खाली सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, बांधलेलं. झोका द्यायचा नाही, वर-खाली नाचवायचा. सुलेखाला तो बघून धडकी भरली. "बाळ आहे का रबरी चेंडू?" पण दुसरा कुठला मिळणार?

आणि पाळण्यात ठेवायचं काय? आमच्यात वरवंट्याला कुंची घालून बाळाबरोबर पाळण्यात फिरवतात. इथं बाळ नाही, निदान वरवंटा तरी हवा. उल्काच्या घरात नुसता मिक्सर. ॲग्नेस म्हणाली, थांबा. आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातला काळा दगडी बत्ता घेऊन आली, मसाला कुटायचा. तिच्या आजीपासूनचा. टॅक्सीतून मांडीवर घेऊन आली बाई तो बत्ता, टॉवेलात गुंडाळून.

वाढदिवसाला माणसं जमली ही! ऑस्ट्रेलियाची पोरं आलेली, भाच्या, नातवंडं, कुणी गोरं, कुणी चिनी, कुणी माझ्यासारखं. देवदत्तनं आमच्याकडचे चार-पाच मराठी मित्र बोलावले, त्यांच्या बायका नऊवारी नेसून. मी घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी. बत्त्याला उल्कानं झबलं घातलं, टोपडं घातलं. सारोंगात ठेवला तर स्प्रिंग करकरली आणि पाळणा पार जमिनीला टेकायला आला.

"जड आहे पोरगं," सुलेखा म्हणाली.

बायकांनी पाळणा म्हणला. ॲग्नेस निळा झगा घालून पाळण्याशी उभी. मग तिनं आत बघितलं आणि विचारलं, "त्या वेळच्या गरीब माणसांची नावं काय असायची?"

सुलेखा सांगायला लागली. "गोंदू, राघू, सखाराम, भिवा... ज्यांची पोरं जगत नसत, ते मुद्दाम दगडू, धोंडू ठेवायचे."

"त्याचा अर्थ?"

"दगड, स्टोन," उल्का म्हणाली. "म्हणजे काळाची नजर लागू नये, आणि पोरगं टिकावं, दगडासारखं."

ॲग्नेस बत्त्याकडं बघत राहिली. "पोरगं टिकावं म्हणून?"

"हो."

"आणि टिकला तो. समुद्र पार करून टिकला." तिनं मागं वळून त्या सगळ्या गोतावळ्याकडं बघितलं. मग एकदम म्हणाली, "पण स्टोन म्हणजे पीटर! सेंट पीटर! पीटरचा अर्थ दगडच आहे! आमच्या बायबलमधे आहे!"

"मग तर काय," सुलेखा म्हणाली, "तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं. सांगा कानात."

आता बत्त्याचा कान कुठला? व्हिन्सेंट म्हणाला, गोल बाजू. मी म्हणलं, निमुळती बाजू. दोघांचं तिथंच जुंपलं. ॲग्नेसनं आम्हाला शाळेतला डोळा दाखवला, टोपडं वर केलं, वाकली, आणि सुलेखानं शिकवलं होतं तसं "कुर्र" करून म्हणाली, "दगडू."

आणि सुलेखानं, उल्कानं, नऊवारीवाल्या सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. आत्यानं कुर्र केलं की घालायचेच असतात. पण हे तिला सांगायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं!

"व्हाय यू हिट मी?" ॲग्नेस ताडकन उभी. "आय ॲम एटी!"

सगळे गार. उल्का घाबरत घाबरत म्हणाली, "आंटी, पद्धत आहे आमची. नाव ठेवलं की आत्याला मार खावा लागतो."

ॲग्नेसनं झगा नीट केला. "मग व्हिन्सेंटनं का नाही मारलं?"

व्हिन्सेंट पुढं आला. मिशा ओल्या झालेल्या त्याच्या. त्यानं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला, मारलं वगैरे काही नाही, नुसता ठेवला. तिनं तो ठेवू दिला.

मग बोर्ड आणला. खालच्या चौकोनात तिनं स्वतः, सुंदर अक्षरात, इंग्रजीत "दगडू" लिहिलं. लिहून झाल्यावर पेन उघडंच ठेवून ती त्या चौकोनाच्या शेजारी बघत राहिली.

"व्हिन्सेंट," ती म्हणाली. "याची बायको कोण?"

"काय माहीत?"

"मुलगा झाला म्हणजे बायको होती. तिला काही नाव असेल की नाही? ती लायब्ररीतली बाई शनिवारी असते ना? मला न्यायला ये. आणि उशीर करू नकोस."

व्हिन्सेंटनं घुगऱ्यांची वाटी धरून माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या वाटीत अजून एक पळी वाढली आणि म्हणलं, "जा बाबा. पोटभर खाऊन जा."